फ्रँकफुर्टच्या पुस्तक मेळ्याला पहिल्यांदाच जातेय, तयारी कशी करू?

वेलांटी | ६ एप्रिल २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

सांगलीत आमचं छोटं प्रकाशन आहे. बाबांनी १९७४ साली सुरू केलं, गेली अकरा वर्षं मी बघतेय. तीनेकशे टायटल्स झाली, त्यातली शंभर-सव्वाशे आज छापात आहेत. यंदा फ्रँकफुर्टच्या पुस्तक मेळ्याला जायचं पक्कं केलंय. मेळा १५ ते १९ ऑक्टोबरला आहे. स्टॉल घेण्याची ऐपत नाही, व्यावसायिक अभ्यागत म्हणून तिकीट काढून जाणार. आमच्या कादंबऱ्यांचे आणि बालपुस्तकांचे अनुवादहक्क कुणी घेतं का, ते बघायचंय.

आजवर संमेलनातल्या ग्रंथप्रदर्शनात आणि पुणे पुस्तक महोत्सवात गाळा मांडलाय. टेम्पोत गठ्ठे भरायचे, टेबलावर चादर अंथरायची, सुट्टे पैसे जवळ ठेवायचे, एवढी तयारी हातची आहे. तिथे मात्र काय न्यायचं, कुणाला आधी कळवायचं, किती पुस्तकं दाखवायची, काहीच अंदाज येत नाही. कुणी जाऊन आलंय का? सहा महिने हाताशी आहेत. बारीकसारीकही सांगा.

मलपृष्ठ | ७ एप्रिल, सकाळी ७:१५

वेलांटीताई, मनापासून अभिनंदन. पुण्यातल्या एका प्रकाशनाचं हक्कविक्रीचं काम मी बघायचो, त्या निमित्ताने सात वेळा जाऊन आलोय.

आधी डोक्यातलं 'प्रदर्शन' बाजूला ठेवा. आपल्याकडे प्रदर्शन म्हणजे पुस्तकांची विक्री. तिथे विकले जातात ते हक्क. तुमची कादंबरी जर्मनमध्ये, इटालियनमध्ये, कोरियनमध्ये छापायची परवानगी, अमुक वर्षांसाठी, अमुक प्रदेशासाठी, अमुक आगाऊ रक्कम आणि रॉयल्टीवर. बुधवार-गुरुवार हे खरे कामाचे दिवस. शनिवार-रविवारी वाचकांची झुंबड असते, तेव्हा धड बोलणं होत नाही.

१९४९ साली पाउल्सकिर्श या चर्चच्या इमारतीत २०५ जर्मन प्रदर्शकांनी हा मेळा युद्धानंतर पुन्हा मांडला. आज चार हजारांवर प्रदर्शक असतात. त्यामुळे 'जाऊ, फिरू, कुणीतरी भेटेल' असं होत नाही. सगळं अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ठरलेल्या भेटींवर चालतं. जुलैत मेल सुरू करा. सप्टेंबर उजाडला की चांगल्या संपादकांच्या वह्या भरलेल्या असतात. एजंटांचं तर दालनच वेगळं आहे, ठरलेली भेट नसेल तर दारातूनच परत पाठवतात.

आणि तीन पुस्तकं न्या. तीनशे नाही, तीसही नाही. पहिल्या वर्षी मी चौसष्ट पानी सूची छापून नेली होती. समोरच्या बाईंनी ती चाळली, मिटली आणि विचारलं, 'यातलं तुमचं सर्वांत आवडतं कुठलं?' मला पटकन सांगता आलं नाही. ती भेट तिथेच संपली.

डेमी८ | ७ एप्रिल, दुपारी २:०५

मी सोलापूरचा, चाळीस वर्षं छपाईत काढलीत. बेटा, तुझ्या उत्साहाला विरोध नाही, पण दोन गोष्टी विचारतो. यंदा धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला आहे, म्हणजे ऐन मेळ्यात. दिवाळी अंकांची बांधणी, वितरकांच्या मागण्या, सगळं त्याच आठवड्यात येणार. तेव्हा दुकान सोडून जाणं परवडेल का? दुसरं, एवढ्या खर्चात दोन पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघतील. दिल्लीच्या जागतिक पुस्तक मेळ्यातही हक्कांच्या देवघेवीसाठी वेगळी टेबलं मांडतात. आधी तिथे का नाही जात?

वेलांटी | ७ एप्रिल, रात्री ९:३०

काका, रास्त विचारलंत. आमचा दिवाळी अंक नाही, त्यामुळे छपाईचा ताण नाही. वितरणाचं भाऊ बघेल, त्याच्याशी बोलून घेतलंय. खर्चाचं मात्र खरं आहे. बाबांचं वय ७९ आहे. त्यांनी छापलेलं एक तरी पुस्तक दुसऱ्या देशाच्या लिपीत त्यांच्या हातात ठेवायचंय. हिशेबात न बसणारं कारण आहे, पण माझ्यासाठी तेच मोठं आहे.

वकिलीण_ठाणे | ८ एप्रिल, सकाळी ११:२०

कुणी हे विचारलं नाही म्हणून विचारते. जे हक्क विकायला निघालात ते तुमच्याकडे आहेत का?

मराठी प्रकाशनांचे जुने करार मी बरेच पाहिलेत. कित्येकांत अनुवादहक्काचा शब्दही नसतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ नीट वाचा. हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशी हवं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर हस्तांतर भारतापुरतंच समजलं जातं. मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही आणि करारात तसं वेगळं काही ठरलेलं नसेल, तर त्या हक्कापुरतं हस्तांतर संपुष्टात येतं. म्हणजे 'लेखक आमचेच आहेत' या भरवशावर जर्मन प्रकाशकाशी बोलणी केलीत तर सहीच्या वेळी अडकाल.

लेखक हयात नसतील तर मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. प्रत्येक वारसाची सही लागेल. तीन पुस्तकं निवडताना ज्यांचे कागद स्वच्छ आहेत तीच निवडा.

करार झालाच तर कराचंही आत्ताच डोक्यात ठेवा. भारत-जर्मनी दुहेरी करआकारणी करारानुसार रॉयल्टीवर तिकडे १० टक्क्यांपेक्षा जास्त कर कापता येत नाही. त्यासाठी आपल्या आयकर खात्याचं निवासी प्रमाणपत्र लागतं.

वेलांटी | १३ एप्रिल, रात्री ११:५०

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून दुसऱ्याच दिवशी कपाट उघडलं. चार दिवस मी आणि बाबा जमिनीवर बसून फायली चाळतोय.

जी कादंबरी मी पहिल्या क्रमांकावर धरली होती तिचा करारच नाही. सापडलं ते १९७८ सालचं एक निळं अंतर्देशीय पत्र. लेखकांनी लिहिलंय, 'आपल्या मनाप्रमाणे छापावे, मुद्रिते मात्र मला दाखवावीत.' मुद्रिते म्हणजे छपाईआधी तपासायची प्रूफं. खाली सही. घडीवर कागद विरलाय, उचलला की दोन तुकडे होतील अशी भीती वाटते. पुढची सत्तेचाळीस वर्षं हा व्यवहार दोन्हीकडून या एका ओळीवर चालला. मानधन दरवर्षी दिवाळीला पोचतं केलंय, त्याच्या पावत्या आहेत.

लेखक १९९६ ला गेले. मुलगी मिरजेत असते, मुलगा बडोद्याला. दोघांना फोन केला. मुलगी म्हणाली, 'दादांचं पुस्तक कुठे जात असेल तर कुठेही सही करते.' मुलाने आधी कागद वाचायला मागितला. योग्यच आहे.

वकिलीण_ठाणे | १४ एप्रिल, सकाळी १०:००

ते पत्र आधी स्कॅन करून घ्या, मग दुसरं काही. वारसांशी नवा करार करताना 'सर्व भाषांतील अनुवादहक्क', 'संपूर्ण जग' आणि मुदत या तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहा. परदेशी रकमेतला वारसांचा वाटाही टक्क्यांत लिहा. तोंडी ठेवू नका, त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठीही.

रंगपेटी | १६ एप्रिल, दुपारी ४:४५

मी म्हापशाहून. मराठी आणि कोकणी बालपुस्तकांची चित्रं काढते, थोडं प्रकाशनही करते. बालपुस्तकांचं मुख्य ठिकाण इटलीतलं बोलोन्या, ते वसंतात भरतं. पण फ्रँकफुर्टलाही बालपुस्तकवाले असतातच.

तुमच्या चित्रपुस्तकांच्या फायली बघून घ्या. मजकूर चित्रावर वेगळ्या थरात आणि निव्वळ काळ्या शाईत आहे का? परदेशी प्रकाशक कधी कधी दोन-तीन भाषांची छपाई एकत्र करतात. छपाईत प्रत्येक शाईची वेगळी प्लेट असते. रंगांच्या तीन प्लेटा त्याच राहतात, फक्त काळी बदलते. आपल्याकडे हौसेने ढगावर पांढऱ्या अक्षरांत मजकूर टाकतात किंवा दुकानाची पाटी चित्रातच रंगवतात. तसं असलं की प्रत्येक भाषेसाठी सगळ्या प्लेटा नव्या काढाव्या लागतात, आणि समोरचा तिथेच हात आखडता घेतो. माझं एक पुस्तक याच कारणाने राहिलं. मी त्यात 'किराणा' अशी पाटी मोठ्या प्रेमाने रंगवली होती.

माईनकाठ | १९ एप्रिल, रात्री १:१०

मी ओफेनबाखला राहते, फ्रँकफुर्टला लागूनच. राहण्या-फिरण्याचं मी सांगते.

हॉटेल आजच बघा. मेळ्याच्या आठवड्यात शहरात भाडी अव्वाच्या सव्वा होतात. ओफेनबाख, माइन्त्स, डार्मश्टाट, हानाऊ यांपैकी कुठेही राहा, लोकल ट्रेनने रोज सहज येता येतं. विमानतळावरून एस८ किंवा एस९ या लोकलने मुख्य स्थानक. तिथून मेळ्याला एस३, एस४, एस५, एस६ यांपैकी कुठलीही, दुसरा थांबा, नाव 'मेसे'.

दालनांचे आकडे असे वाचा: ४.१ म्हणजे दालन ४, पहिला मजला. ४.० म्हणजे तळमजला. अंतरं फार मोठी आहेत, सरकते पट्टे असूनही एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. लागोपाठच्या दोन भेटी लांबच्या दालनांत ठेवू नका. बूट नवे घेऊ नका, वापरून मऊ झालेलेच आणा. बाहेर गारठा, दालनात उकाडा, त्यामुळे स्वेटर काढता-घालता येईल असा हवा. रविवारी इथली दुकानं बंद असतात, खाण्याचं शनिवारीच बघून ठेवा. थालीपिठाची भाजणी आणलीत तर माझ्या स्वयंपाकघरात थापू, हे आग्रहाचं बोलावणं समजा.

शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. शुल्क ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. मुंबईची अपॉइंटमेंट उन्हाळी सुट्टीत मिळता मिळत नाही, म्हणून मेळ्याचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग झालं की लगेच तारीख धरा.

मलपृष्ठ | २१ एप्रिल, सकाळी ८:३०

माईनकाठताईंनी सोन्यासारखी माहिती दिली आहे. त्यात एक जोडतो. संध्याकाळी कामाची माणसं फ्रँकफुर्टर होफ हॉटेलच्या लॉबीत जमतात. आत खोली नसली तरी चालतं. दिवसा ज्यांची भेट मिळत नाही ते तिथे उभ्या उभ्या दोन मिनिटं बोलतात.

आता नमुना अनुवादाचं. प्रत्येक पुस्तकाची वीस-पंचवीस पानं इंग्रजीत हवीत, आणि चांगल्या अनुवादकाकडून, रीतसर पैसे देऊन. ओळखीतल्या इंग्रजीच्या प्राध्यापकांकडून फुकटात करून घेऊ नका. जर्मन संपादक मराठी वाचू शकत नाही. त्या वीस पानांतून दिसेल तेवढंच तुमचं पुस्तक त्याला दिसणार. पहिलंच प्रकरण द्यायला हवं असं नाही, पुस्तकाचा जीव जिथे आहे तिथली पानं द्या.

प्रत्येक पुस्तकाचं एक पान करा: मुखपृष्ठ, लेखकाची दोन ओळींत ओळख, पानं, शब्दसंख्या, पहिल्या आवृत्तीचं वर्ष, आवृत्त्या किती झाल्या, कुठले हक्क मोकळे आहेत. आणि मधोमध आठ-दहा ओळींत पुस्तक. या आठ-दहा ओळीच सगळ्यांत अवघड. लिहून इथे टाका, आपण बघू.

वेलांटी | २ जून, रात्री १०:१५

दोन्ही वारसांच्या सह्या झाल्या! बडोद्याच्या मुलाने कराराची प्रत परत पाठवताना सोबत लेखकांचा तरुणपणीचा फोटोही पाठवला.

पहिल्या कादंबरीचा मजकूर टाकतेय:

'हरिपूरच्या हळदीच्या व्यापाराच्या पार्श्वभूमीवर ग्रामीण जीवनाचं वास्तव व प्रभावी चित्रण करणारी, मानवी नात्यांचे विविध पदर उलगडणारी, समीक्षकांनी गौरवलेली कादंबरी. भाषेचा अस्सल गोडवा व व्यक्तिरेखांची उंची यांमुळे ही कलाकृती मराठी साहित्यात महत्त्वाची ठरते.'

मलपृष्ठ | ३ जून, सकाळी ७:००

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हा मजकूर आपल्या हजार कादंबऱ्यांच्या मलपृष्ठावर चिकटवता येईल. मी स्वतः असे शेकड्याने लिहिलेत. 'वास्तव चित्रण' म्हणजे काय दिसतं? हळद कुठे ठेवतात? कोण ठेवतं? कुणाचं काय जातं? ज्याला हरिपूर माहीत नाही त्याला सांगा.

डेमी८ | ३ जून, दुपारी १२:४०

बेटा, मी ही कादंबरी वाचली आहे, पहिल्या आवृत्तीत. त्यातला पेवात कंदील सोडतात तो प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. तिथून सुरू कर.

वेलांटी | ५ जून, रात्री ११:३०

काका, तुम्ही सांगितलंत आणि धागा हाती लागला. पुन्हा लिहिलं:

'कृष्णाकाठच्या हरिपुरात हळद जमिनीखाली साठवतात, माणसाच्या चौपट खोल मातीच्या पेवात. तोंड बंद केलं की हळद वर्षानुवर्षं टिकते, पण आतली हवा विषारी होते. पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा. तो विझला तर उतरायचं नाही. शिरपा उतरतो, कारण व्यापाऱ्याला आजच भाव मिळणार असतो. तो वर येत नाही. त्याची बायको दुसऱ्या दिवशी त्याच पेवाच्या कामावर हजर होते आणि पुढची तीस वर्षं प्रत्येक कंदील ती स्वतः सोडते. ही तिची गोष्ट आहे.'

रंगपेटी | ६ जून, सकाळी ९:२०

अंगावर काटा आला. हे कुठल्याही भाषेत जाईल.

मलपृष्ठ | ६ जून, सकाळी ९:५५

हेच हवं होतं. आता एकही शब्द वाढवू नका.

मेल कुणाला पाठवायचे ते सांगतो. मेळ्याच्या संकेतस्थळावर प्रदर्शकांची यादी असते. मोठ्या नावांच्या मागे लागू नका. आशियातलं साहित्य आधी छापलेले लहान-मध्यम प्रकाशक शोधा. हायडेलबर्गचं द्रौपदी फेर्लाग भारतीय साहित्य जर्मनमध्ये काढतं, तिथून सुरुवात करा. मेलमध्येच सांगा की भारतीय पुस्तकाच्या परदेशी अनुवादासाठी राष्ट्रीय पुस्तक न्यासाची अर्थसाहाय्य योजना आहे. लहान प्रकाशकाला अनुवादकाचं मानधन हाच मोठा अडसर असतो.

माईनकाठ | ८ जून, रात्री १२:३०

हायडेलबर्गचा विषय निघाला म्हणून सांगते. तिथल्या दक्षिण आशिया संस्थेत गुंथर सोन्थायमर यांनी धनगर आणि खंडोबा यांवर आयुष्यभर काम केलं. मराठीची चांगली जाण असलेली माणसं त्या परिसरात होती. फ्रँकफुर्टहून ट्रेनने तासाभराचा प्रवास आहे. सोमवारचा दिवस मोकळा ठेवा.

मराठीतून थेट जर्मन करणारे अनुवादक मात्र फार थोडे आहेत. बहुधा इंग्रजीवरूनच अनुवाद होईल. तसं झालं तर मूळ मराठीशी ताडून बघायचं कलम करारात घाला. मी स्वतः वाचायला तयार आहे.

वेलांटी | ९ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी ६:२०

धागा वर काढतेय. दिवाळी आणि परतीचे मेल आटोपून आज निवांत बसले.

एकूण सत्त्याऐंशी मेल पाठवले होते. एकवीस जणांनी वेळ दिला, त्यातले दोघे आले नाहीत. बुधवारच्या पहिल्या भेटीत माझा आवाज कापत होता. तिसऱ्या भेटीपर्यंत कंदील सोडायची गोष्ट न बघता सांगता यायला लागली. 'तो वर येत नाही' म्हटलं की समोरचा माणूस लिहायचा थांबून वर बघायचा. एकोणीस भेटींत हे जवळपास दर वेळी झालं.

मेळ्यात एकही सही झाली नाही. मलपृष्ठदादांनी आधीच सांगून ठेवलं होतं की सह्या तिथे होत नाहीत, म्हणून धीर राहिला. एका लहान जर्मन प्रकाशनाने आणखी साठ पानांचा अनुवाद मागितलाय. एका इटालियन बाईंना चित्रपुस्तक आवडलं. त्यांनी पहिलाच प्रश्न काळ्या प्लेटचा विचारला. रंगपेटीताई, तुम्ही सांगितल्यावर आम्ही दोन पुस्तकांच्या फायली जूनमध्ये नव्याने केल्या होत्या, त्या लगेच दाखवता आल्या.

सगळ्यांत अनपेक्षित गोष्ट भारताच्या दालनात घडली. चहा घ्यायला थांबले होते. शेजारी कोझिकोडचे एक प्रकाशक होते, त्यांच्याकडे मसाल्याच्या व्यापारावरच्या दोन कादंबऱ्या निघालेल्या. पेवाचं ऐकलं आणि तिथेच खुर्ची ओढून बसले. मल्याळम अनुवादाच्या कराराचा मसुदा परवा आलाय. वकिलीणताई, तुम्हाला पाठवलाय, सवडीने बघाल का?

धनत्रयोदशीला माईनकाठताईंकडे पणत्या लावल्या, भाजणीची थालीपिठं झाली. सोमवारी आम्ही दोघी हायडेलबर्गला जाऊन आलो.

बाबांना मल्याळम मसुदा दाखवला. लिपी वाचता येत नाही, तरी भिंग घेऊन बराच वेळ बघत होते. मग विचारलं, 'मुद्रितं कोण तपासणार? त्यांनी पत्रात लिहिलं होतं, मुद्रितं दाखवा म्हणून.' म्हणून विचारतेय, इथे मराठी आणि मल्याळम दोन्ही नीट वाचणारं कुणी आहे का? मानधन देऊ.

डेमी८ | ९ नोव्हेंबर, रात्री ८:१०

सोलापुरात आमच्या छापखान्याशेजारी एक निवृत्त परिचारिका राहतात. मूळच्या त्रिशूरच्या, चाळीस वर्षं इथेच. मराठी पुस्तकं वाचनालयातून नेतात. उद्या सकाळी जाऊन विचारतो आणि तुला फोन करतो.